मराठी निवडलं की रंग जातो

सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या सरांचा फोन आला तेव्हा मी नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकले होते. फेब्रुवारी २०२०. मेट्रोचं आणि पुलाचं काम चालू, अर्धा रस्ता पत्रे लावून अडवलेला. गाडी कडेला घेऊन फोन उचलला तर सरांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरला मराठीचं वावडं आहे का हो?"

मी म्हटलं, म्हणजे काय सर?

"म्हणजे असं, की भाषा इंग्रजी ठेवली की आमचा रंग दिसतो आणि मराठी केली की जातो. चारदा करून बघितलं."

असल्या तक्रारींवर माझा पहिला विश्वास कधीच बसत नाही. रंगाचा आणि भाषेचा संबंध काय? हो हो, बघते, म्हणून फोन ठेवला. एरंडवण्यातल्या ऑफिसात (ऑफिस म्हणजे जुन्या इमारतीतला वन बीएचके, स्वयंपाकघरात सर्व्हर नव्हे पण राउटर) पोचल्यावर त्यांच्या खात्याची भाषा मराठी केली. वरची पट्टी पांढरीफटक. त्यावरचं क्लासचं नावही पांढरं, त्यामुळे नावच गायब. इंग्रजी केलं, पट्टी आली. सर अक्षरशः खरं बोलत होते.

पुढचं कळण्यासाठी आमचं काय चाललं होतं ते थोडं सांगावं लागेल. आम्ही तिघं मिळून क्लासवाल्यांसाठी एक ॲप चालवतो: हजेरी, फी, पावत्या, पालकांना मेसेज. पुण्यात क्लासना तोटा नाही, आणि प्रत्येक क्लासवाल्याला ॲपवर आपलाच रंग हवा असतो. फ्लेक्सवर जो रंग आहे तोच, त्याच्या जवळपासचा चालत नाही. सुरुवातीला आम्ही प्रत्येक क्लाससाठी हाताने स्टाइलशीट, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल, बनवत होतो. दहा क्लास होईपर्यंत ते जमलं. त्यानंतर आमच्या ज्युनियरचा अर्धा आठवडा लोकांचे रंग बदलण्यात जायला लागला.

म्हणून २०१९ मध्ये ठरवलं, की क्लासवाल्याने सेटिंगमध्ये रंग निवडायचा, सेव्ह दाबायचं, आणि ॲपनेच आतल्या आत सॅसची फाइल कंपाइल करून त्याची सीएसएस तयार करायची. (सीएसएस म्हणजे ब्राउझरला पानाचं रंगरूप सांगणारी भाषा. सॅस म्हणजे तेच सोयीने लिहायची भाषा; ती कंपाइल केली, म्हणजे भाषांतर केलं, की सीएसएस मिळते.) आज कुणी म्हणेल, यासाठी सॅस कशाला, सीएसएसचे स्वतःचे व्हेरिएबल आहेत की. बरोबर आहे, आज नव्याने केलं असतं तर निम्मं काम त्यांच्यावरच भागवलं असतं. पण आमचा सगळा डोलारा बूटस्ट्रॅप ४ या तयार स्टाइलींच्या संचावर होता. त्यातली बटणं, बॅज, फॉर्मच्या कडा यांचे रंग कंपाइल होतानाच ठरतात, आणि गडद-फिक्या छटाही तिथेच काढल्या जातात.

सॅसची मूळ अंमलबजावणी रुबी भाषेतली. हॅम्प्टन कॅटलिन यांच्या कल्पनेतून २००६ साली आलेली, आणि पुढे नताली वायझेनबाउम यांनी वाढवलेली. ती रुबी आवृत्ती मार्च २०१९ मध्येच अधिकृतपणे बंद झाली होती, त्यामुळे तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. आमचं ॲप पायथनमधलं. पायथनसाठी लिबसॅसचं रॅपर होतं. रॅपर म्हणजे दुसऱ्या भाषेतला कोड आपल्या भाषेतून वापरू देणारं वेष्टण. लिबसॅस म्हणजे सॅसचा सी आणि सी प्लस प्लसमधला कंपाइलर. त्याला स्वतःची कमांड नाही, ती नुसती लायब्ररी आहे. ज्याला हवी त्याने आपापल्या भाषेतून तिला हाक मारायची. रुबीवाल्यांचं वेगळं रॅपर, नोडवाल्यांचं वेगळं, जावा आणि डॉटनेटवाल्यांची आणखी वेगळी. पायथनच्या पॅकेजचं नाव लिबसॅस, पण कोडमध्ये इम्पोर्ट करताना नुसतं सॅस म्हणायचं. आमच्या ज्युनियरने त्याच नावाचं भलतंच पॅकेज टाकून अर्धा दिवस घालवला, ते सोडून देऊ.

पहिला दिवस मजेत गेला. एक फंक्शन, त्याला सॅसचा मजकूर द्यायचा, सीएसएसचा मजकूर परत येतो. मधे ना फाइल ना दुसरी प्रोसेस. शिवाय दोन सोयी अशा, की मी तर प्रेमातच पडले.

एक म्हणजे इम्पोर्टर. सॅसच्या फाइलमध्ये ‘क्लासचे व्हेरिएबल आण’ अशी ओळ लिहिली, की रॅपर आपल्या पायथनच्या फंक्शनला विचारतं, आणि आपण डेटाबेसमधून त्या क्लासचे रंग काढून मजकूर म्हणून परत द्यायचे. डिस्कवर अशी फाइल नसतेच.

दुसरी सोय, स्वतःची फंक्शनं. ही आम्हाला हळदीमुळे लागली. एका बाईंच्या क्लासचा रंग हळदीसारखा पिवळा, आणि बटणावर अक्षरं पांढरी. वाचता येईना. मी म्हटलं, सोपं आहे, रंगाची लाइटनेस बघायची, साठच्या वर असेल तर अक्षरं काळी. केलं. तरी पांढरीच. कारण ज्या गणितात सॅस ही लाइटनेस मोजतं त्यात शुद्ध पिवळ्याची लाइटनेस पन्नास टक्के आणि शुद्ध निळ्याचीही पन्नासच. डोळ्याला एक दिवा वाटतो आणि एक अंधार, गणिताला दोन्ही सारखे. खरा हिशेब ल्युमिनन्सचा, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचा, करावा लागतो, त्यात घात काढावे लागतात, आणि लिबसॅसमध्ये घात काढायचं फंक्शन नाही. पायथनमध्ये मात्र ते दहा ओळींचं काम. रॅपरला सांगितलं, की ‘अक्षर-रंग’ नावाचं फंक्शन सॅसमध्ये दिसलं की माझं हे फंक्शन बोलाव. रंगाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे हातात येतात, कॉन्ट्रास्टच्या साडेचारास एक या प्रमाणात जो रंग बसेल तो परत करायचा. हळदीवर काळी अक्षरं आली. बाई खूश, मी जास्त खूश.

मग क्लासवाल्यांनी वापरायला सुरुवात केली.

रंगाच्या चौकटीत एका सरांनी ‘मोरपंखी’ असं लिहिलं. मराठीत, देवनागरीत. चूक त्यांची नाही, चौकटीवर आम्हीच ‘तुमचा रंग लिहा’ असं लिहिलं होतं. गंमत अशी, की सॅसला ‘मोरपंखी’ हा शब्द म्हणून चालतो. व्हेरिएबलमध्ये तो गुपचूप बसला, आणि दोनशे ओळींनंतर रंग गडद करायच्या फंक्शनने विचारलं, की हा रंग आहे का? नाही. कंपाइल एरर, आणि सरांना पांढरं पान. त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. रंग निवडायची रंगपेटी दिली आणि सर्व्हरवर तपासणी लावली: हॅश आणि पुढे सहा आकडे-अक्षरं, बाकी काहीही आलं तर परत. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. सॅस हा शेवटी कोड आहे. बाहेरच्या माणसाने टाकलेला मजकूर कंपाइलरच्या तोंडात तसाच घालणं म्हणजे कुणी मोरपंखीऐवजी अर्धा कंस आणि एक इम्पोर्ट लिहून पाठवेपर्यंतचीच निश्चिंती.

सर्व्हरवर चढवतानाही एक दिवस गेला. आमची डॉकर इमेज, म्हणजे ॲप ज्यात चालतं तो सिस्टिमचा तयार साचा, अल्पाइन लिनक्सची होती. पायथनची तयार बांधलेली पॅकेजं, म्हणजे व्हील, तेव्हा ग्लिबसी या सी लायब्ररीवर चालायची, अल्पाइनमध्ये मसल ही वेगळी. मग पिप (पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) मूळ सी प्लस प्लसचा कोड उतरवून जागेवर बांधायला घेतो, त्यासाठी कंपाइलर लागतो, तो इमेजमध्ये नाही. टाकला, तर प्रत्येक बिल्डमध्ये चहा होऊन जाईल एवढा वेळ. शेवटी डेबियनची इमेज घेतली. थोडी जाडी, पण भांडण नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. सुरुवातीला कंपाइल पान उघडताना व्हायचं. पहिल्या मागणीला कंपाइल, मग कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात. महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी दहाला फीचे मेसेज एकदम जातात, नेमकी तेव्हाच कॅशे रिकामी झालेली असली की सगळे पालक एकाच वेळी दारात आणि सर्व्हर रंग कालवत बसलेला. मग कंपाइल सेव्हच्या वेळीच करून ठेवायला लागलो. एरर आली तर ती क्लासवाल्याला तिथेच दिसते आणि जुनी सीएसएस शाबूत राहते.

आता सरांच्या पट्टीकडे.

आमची मांडणी अशी होती. सगळ्यांना समान असलेली सीएसएस एकदाच कंपाइल केलेली. क्लासची वेगळी छोटी सीएसएस सेव्हच्या वेळी बनते. पाठवताना दोन्ही एकापुढे एक चिकटवून एकच फाइल पाठवायची. क्लासच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ‘रूट’चा, म्हणजे अख्ख्या पानाला लागू होणारा नियम, त्यात सीएसएसचे व्हेरिएबल: मुख्य रंग, अक्षरांचा रंग वगैरे. वरची पट्टी हे व्हेरिएबल वाचते. बटणांचे रंग मात्र सॅसने थेट भरलेले.

त्यामुळे लक्षण विचित्र होतं. मराठीत पट्टीचा रंग गेला होता, बटणांचा नव्हता. फाइल मिळाली नसती तर सगळंच गेलं असतं. फाइल आहे, रूटचा नियम फाइलमध्ये डोळ्यांना दिसतोय, रंग बरोबर लिहिलाय, आणि ब्राउझर म्हणतो असा नियम मला माहीत नाही. माझ्या लॅपटॉपवर चालणाऱ्या ॲपच्या प्रतीत तेच खातं, तीच भाषा, सगळं ठीक.

ज्युनियर म्हणाला, "ताई, कॅशे असेल." हे आमच्याकडे कशालाही म्हणतात. कॅशे झाडली. नव्हती.

मग भाषा बदलल्यावर नेमकं काय बदलतं याची यादी केली, आणि क्लासच्या सीएसएसमध्ये भाषेमुळे बदलणारी एकच गोष्ट सापडली. फी राहिलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे एक छोटा बिल्ला येतो. त्यातला शब्द आम्ही आळशीपणाने सीएसएसच्या ‘कंटेंट’मध्ये घातला होता. इंग्रजीत ‘ड्यू’, मराठीत ‘थकीत’. तो नियम फाइलच्या पार तळाला. तळाचा एक शब्द बदलला म्हणून माथ्याचा नियम का मरावा?

सर्व्हरवरची फाइल उतरवून एडिटरमध्ये उघडली. दोन फाइलींचा जोड जिथे होता तिथे कर्सर ठेवला आणि उजवा बाण दाबत गेले. एका ठिकाणी बाण दाबला, कर्सर हलला नाही. परत दाबला, हलला. मागे आले, परत तेच. म्हणजे तिथे काहीतरी होतं ज्याला रुंदी नाही. हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत दिसेल असं, उघडलं: ईएफ, बीबी, बीएफ. तीन बाइट. बाइट ऑर्डर मार्क.

उलगडा त्यानंतर तासाभरात झाला. सीएसएसमध्ये आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांबाहेरचं, एक जरी अक्षर असेल तर सॅस ब्राउझरला सांगू पाहतं, की ही फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतात आहे. सुटसुटीत छपाई असेल तर त्यासाठी वर ‘कॅरसेट’ची ओळ लिहितं. कॉम्प्रेस्ड छपाई असेल तर जागा वाचवायला ओळीऐवजी हे तीन बाइट टाकतं. फाइलच्या अगदी सुरुवातीला ते असले तर ब्राउझर गिळून टाकतो, काही बिघडत नाही. आम्ही मात्र त्या फाइलीच्या आधी दुसरी फाइल चिकटवत होतो. मधोमध आलं की ते चिन्ह राहत नाही, अक्षर होतं. सीएसएसच्या व्याकरणात ते नावात चालणारं अक्षर आहे. म्हणजे ब्राउझरने वाचलं असं, की अदृश्य नावाचा कुठलातरी टॅग आहे आणि तो रूट असेल तर हे व्हेरिएबल लाव. असा टॅग जगात नाही. पहिला नियम मेला, पुढचे सगळे धडधाकट. माझ्या लॅपटॉपवर छपाई सुटसुटीत होती, तिथे मधे आलेली कॅरसेटची ओळ ब्राउझर निमूट सोडून देत होता. आणि ‘ड्यू’मध्ये आस्कीबाहेरचं काही नाही, म्हणून इंग्रजीवाल्यांना कधी कळलंच नाही.

पायथनमध्ये मजकुराच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटायचं फंक्शन आम्ही आधीपासून लावलेलं होतं. पण ते या चिन्हाला मोकळी जागा मानत नाही. मुद्दाम नाव घेऊन छाटावं लागतं. एका ओळीची दुरुस्ती. शोधायला सगळा दिवस, त्यातही तो गुरुवार, दुपारी दीड तास वीज नाही.

सरांना फोन करून सांगितलं की झालं. काय झालं होतं ते सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "म्हणजे वावडं होतंच की." मी हो म्हटलं.

रॅपर वापरताना सगळ्यात मोठा घोळ हा, की माहिती शोधायला जावं तर ती सॅसची मिळते, आणि आपल्या हातात असतं ते सॅसचं कुठलंतरी वय. सॅसमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘यूज’ आलं, फाइली आणायची नवी पद्धत. ज्युनियरने नवी कागदपत्रं वाचून पावतीच्या छपाईची स्टाइल ‘यूज’ने आणली. लिबसॅसला ते ठाऊकच नाही. बरं, एरर तरी द्यावी? नाही. अनोळखी ओळ आहे, सीएसएसचीच असेल, म्हणून ती जशीच्या तशी पुढे सरकवली. ब्राउझरने दुर्लक्ष केलं. तीन दिवस पावत्या चौकटींविना छापल्या गेल्या.

याच्या उलट गंमत ‘मिन’ची. सीएसएसमध्ये या नावाचं फंक्शन आलं, पण सॅसकडे त्याच नावाचं आधीपासून होतं. स्क्रीनच्या रुंदीचे शंभर टक्के आणि पाचशे पिक्सेल यांतलं लहान ते घे, असं ब्राउझरसाठी लिहिलं, तर लिबसॅस मधेच हात घालून म्हणतं, ही एककं जुळत नाहीत. उपाय असा, की पहिलं अक्षर कॅपिटल लिहायचं. सॅस लहान-मोठं अक्षर वेगळं मानतं, म्हणून ओळखत नाही आणि सोडून देतं. ब्राउझर मानत नाही, म्हणून ओळखतो. असल्या क्लृप्त्यांवर आम्ही दोन वर्षं काढली. त्या कोडशेजारी मी ‘हे कॅपिटल चुकून नाही’ अशी टीप लिहून ठेवली होती, तरी एकाने ते ‘सुधारलं’च.

ऑक्टोबर २०२० मध्ये सॅसवाल्यांनी जाहीर केलं, की लिबसॅस आता कालबाह्य, नव्या सोयी त्यात येणार नाहीत, डार्ट सॅसकडे, म्हणजे सॅसच्या नव्या मुख्य कंपाइलरकडे, चला. म्हणजे आमच्या रॅपरचाही प्रश्नच मिटला. रॅपरच्या लोकांनी कितीही मेहनत घेतली तरी आतला कंपाइलर थांबला की तेही थांबलं. आम्ही तरी दीड वर्ष ढकललं. चालू गाडी कोण उघडतो? शेवटी २०२२ च्या मार्चमध्ये, वनाझ ते गरवारे मेट्रो सुरू झाली त्याच महिन्यात, बदलायला घेतलं. तारीख लक्षात आहे कारण त्या आठवड्यात अर्धं ऑफिस मेट्रोत बसून यायला म्हणून उशिरा येत होतं.

डार्ट सॅसचा तयार प्रोग्राम उतरवायचा आणि ॲपमधून वेगळी प्रोसेस म्हणून चालवायचा, मजकूर स्टँडर्ड इनपुटमधून द्यायचा, असा साधा मार्ग घेतला. दुसऱ्या प्रोग्रामने त्याच्याशी बोलायचा एम्बेडेड प्रोटोकॉलही आहे, त्यात आपली फंक्शनं आणि इम्पोर्टर परत मिळतात. पण दिवसाला पाच-दहा सेव्हसाठी एवढी यंत्रणा कशाला? मग माझ्या दोन्ही लाडक्या सोयी सोडाव्या लागल्या. इम्पोर्टरच्या जागी क्लासचे रंग ‘यूज’सोबतच व्हेरिएबल म्हणून पाठवतो. अक्षर-रंगाचं गणित पायथनमध्ये आधीच करून उत्तर पाठवतो. खरं सांगायचं तर हे आधीपेक्षा नीट झालं. गणिताची चाचणी लिहायला सॅस लागत नाही. पण ते फंक्शन काढताना जिवावर आलं होतं.

सगळ्या क्लासच्या जुन्या आणि नव्या सीएसएस शेजारी ठेवून फरक काढला, तर शेकडो ओळी वेगळ्या. छातीत धस्स. बघितलं तर बहुतेक सगळे दशांश. लिबसॅसचं पायथन रॅपर मुळात पाच दशांश स्थळं देतं, बूटस्ट्रॅप ४ ला किमान सहा लागतात म्हणून आम्ही सहा केलेली, आणि डार्ट सॅस दहा देतं. तेहेतीस पॉइंट तीनची शेपटी लांबलेली, एवढंच. आकडे गोल करून परत ताडून बघितलं तेव्हा खरे फरक मूठभर उरले. भागाकाराच्या तिरप्या रेघेबद्दल मात्र इशाऱ्यांचा पाऊस पडला. त्यासाठी सॅसवाल्यांचं स्वतःचं मायग्रेटर आहे, त्याने आमच्या फाइली मिनिटात बदलल्या. बूटस्ट्रॅपच्या आतून येणारे इशारे तसेच राहिले, ते गप्प करायचा पर्याय आहे, तो लावला. आता २०२४ पासून जुन्या ‘इम्पोर्ट’बद्दलही इशारे येतात. ते काम यादीत आहे.

आणि तीन बाइट? डार्ट सॅसही कॉम्प्रेस्ड छपाईत ते टाकतंच. पण इथे ‘कॅरसेट नको’ असा पर्याय आहे. तो लावला, छाटायची जुनी ओळही राहू दिली, आणि एक चाचणी लिहिली. तिच्यात क्लासची भाषा मराठी आहे आणि चाचणीचं नाव ‘पेठेतले सर’.

गेल्या महिन्यात सरांचा परत फोन. "मॅडम, ते ‘थकीत’ काढा. पालकांना लागतं. बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं. ‘बाकी’ करा." बरोबर होतं त्यांचं. शब्द बदलला, त्यांच्या खात्यात सेव्ह दाबलं, पट्टी आली, बिल्ल्यावर ‘बाकी’ आलं. तरी सवयीने नवी फाइल हेक्समध्ये उघडलीच. पहिला बाइट ३ए. रूटच्या आधीचा कोलन.